नाव झाकलं, तरी ओळख उघडी

अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसी परिसरात ‘स्नेहालय’चं पुनर्वसन संकुल आहे. देहविक्री करणाऱ्या महिला, त्यांची मुलं आणि एचआयव्हीसह जगणारी माणसं यांच्यासाठी ही संस्था १९८९ पासून काम करते. अशा कामात हाती येणाऱ्या फाइलमधली एक ओळ बाहेर गेली, तर कुणाची भाड्याची खोली जाते, कुणाची नोकरी. म्हणून या क्षेत्रात सगळीकडेच रुळलेले काही समज तपासायला हवेत.

गैरसमज : नाव बदललं, चेहरा धूसर केला की झालं.

वस्तुस्थिती : बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ नाव, पत्ता, शाळा यांच्याबरोबरच मुलाची ओळख पटवणारा कुठलाही तपशील प्रसिद्ध करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘नागापुरात रात्रपाळी करणाऱ्या विधवेची पाचवीतली मुलगी’ एवढं छापलं तरी अख्ख्या चाळीला कळतं. देणगीच्या पत्रकांत हे सर्रास घडतं. मला सर्वाधिक काळजी याचीच वाटते, कारण लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आईची सही घेतली, हे उत्तरही पुरत नाही. मुलाच्या हितासाठी ओळख उघड करायची परवानगी चौकशी करणारं बाल न्याय मंडळ किंवा बालकल्याण समिती देते, तीही लेखी कारणं नोंदवून.

गैरसमज : एचआयव्हीबद्दल जोडीदाराला सांगणं कार्यकर्त्याचं कर्तव्यच आहे.

वस्तुस्थिती : १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार हा अधिकार फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाला आहे. तोही जोडीदाराला मोठा धोका असेल, समजावूनही एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती स्वतः सांगणार नाही अशी खात्री झाली असेल आणि तिला आधी कळवलं असेल, तरच. घरमालक आणि कंपनीचा सुपरवायझर यांचा तर प्रश्नच येत नाही.

‘ग्रुपमध्ये सगळे आपलेच आहेत’ हाही असाच समज. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला रिपोर्ट प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठतो, आणि तो मोबाइल घरची मुलंही हाताळतात. नावाऐवजी केस क्रमांकावर काम भागतं.

गैरसमज : गोपनीयता म्हणजे काहीच बोलायचं नाही.

वस्तुस्थिती : मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं गुन्हा आहे. म्हणून ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नये. कुणाला सांगावं लागेल आणि का, हे त्याला आधीच समजेल अशा शब्दांत सांगावं.