हिरवं ‘डाउनलोड’ बटण विसरा: एका ओळीत सॉफ्टवेअर टाका, एका ओळीत काढा



मागे एकदा मला एक आरएआर फाईल आली. रिटर्नची शेवटची तारीख, घाई होती. नेटवर शोधलं, पहिल्याच साइटवर मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दिसलं, दाबलं. फाईल उघडली खरी, पण सोबत तीन अनोळखी प्रोग्रॅमही येऊन बसले. बिलिंगचा कॉम्प्युटर इतका रखडला की गिऱ्हाईक काउंटरवर उभं आणि बिल काही निघेना. फुकटच्या सॉफ्टवेअरपायी अर्ध्या दिवसाचा धंदा गेला!

तुमचं असं होऊ नये म्हणून आज ‘पॅकेज मॅनेजर’ समजून घेऊ. दुकानाचा माल आपण ओळखीच्या होलसेलरकडून मागवतो ना? नाव सांगितलं की तो बरोबर तोच माल पाठवतो. पॅकेज मॅनेजर हेच काम सॉफ्टवेअरसाठी करतो. विंडोजमध्ये त्याचं नाव ‘विंगेट’. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आणली. विंडोज ११ मध्ये तो आधीपासून असतो. विंडोज १० वर दिसला नाही, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘ॲप इन्स्टॉलर’ घ्या.

उदाहरण घेऊ ‘सेव्हन-झिप’चं. झिप, आरएआर फाईल उघडतं, फाईलला पासवर्डही लावतं. म्हणजे पगारपत्रक सीएला पाठवताना उपयोगी. आणि धंद्यासाठी वापरलं तरी फुकट.

स्टार्टमध्ये ‘टर्मिनल’ किंवा ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधून उघडा. काळी खिडकी दिसली की घाबरू नका. खालच्या ओळी इथे मराठीत दिल्यात, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या.

१. शोधा: विंगेट सर्च ७झिप
यादी येईल. त्यातला ‘आयडी’ बघा: ७झिप.७झिप. मिळत्याजुळत्या नावांचे प्रोग्रॅमही दिसतात, म्हणून नावावर जाऊ नका, आयडी धरा. पहिल्यांदा वापरताना अटी मान्य आहेत का विचारेल, तेव्हा ‘वाय’ दाबा.

२. तपासा: विंगेट शो --आयडी ७झिप.७झिप
बनवणारा कोण, लायसन्स कोणतं, फाईल कुठून येणार, सगळं दिसतं. ही पायरी टाळू नका. काही सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट असतात, पण व्यवसायाला पैसे लागतात.

३. टाका: विंगेट इन्स्टॉल --आयडी ७झिप.७झिप
विंडोजने परवानगी मागितली की ‘यस’ म्हणा. यादीत नोंदवलेली फाईल आणि आलेली फाईल एकच आहे का, हे विंगेट स्वतः पडताळतं. जुळली नाही तर काम थांबवतं.

४. अपडेट करा: विंगेट अपग्रेड --आयडी ७झिप.७झिप
सेव्हन-झिप आपोआप अपडेट होत नाही. त्यातली सुरक्षेची एक त्रुटी २४.०९ या आवृत्तीत दुरुस्त झाली. जुनी आवृत्ती असेल तर आजच बदला.

५. काढा: विंगेट अनइन्स्टॉल --आयडी ७झिप.७झिप
प्रोग्रॅम जातो. तुमच्या झिप फाईल जिथल्या तिथे राहतात.

आता खरी गंमत. ‘विंगेट लिस्ट’ एवढंच टाइप करा. विंगेटने न टाकलेले प्रोग्रॅमसुद्धा त्यात दिसतात. माझे ते तीन पाहुणे मी असेच शोधून, एकेक करून बाहेर काढले.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जे ओळखीचं नाही ते लगेच काढू नका. कदाचित प्रिंटरचा ड्रायव्हर असेल, आधी माहिती काढा. आणि सगळं एकदम अपडेट करायची कमांडही आहे, पण ती बिलिंगच्या कॉम्प्युटरवर भर धंद्यात चालवू नका. आधी बॅकअप घ्या, मग दुकान बंद झाल्यावर निवांत करा.

उबुंटू वापरत असाल तर हेच काम ‘एपीटी’ करतं, मॅकवर ‘होमब्रू’. शब्द थोडे वेगळे, पण शोधा-तपासा-टाका-काढा हा क्रम तोच.

आज एवढंच करा: ‘विंगेट लिस्ट’ चालवा आणि आपल्या कॉम्प्युटरवर कोण कोण बसलंय ते बघा. दुकानात कोण शिरलंय हे मालकाला माहीत हवंच ना!

भेटूया पुढच्या व्हिडिओत.