ज्यांनी जागा दिली

दिवाळीच्या सुटीत आमचा दरवर्षी एकच बेत असतो: नागपूरला मामूंकडे आठ दिवस. या वर्षी नववीतल्या मुलीने तो मोडला. शाळेत तिला महाडच्या सत्याग्रहावर प्रकल्प करायचा होता आणि पुस्तकातून उतरवून काढण्यापेक्षा ती जागाच बघायची होती. मुलांचे अब्बू म्हणाले, "वणीहून महाड आठशे किलोमीटरच्या आसपास पडेल." ती म्हणाली, "मग पुणेही वाटेवरच आहे, अब्बू. फुलेवाडाही होईल." शेवटी अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पुढच्या सीटवर बसवून आम्ही पाच जण फजरनंतर निघालो. डब्यात पराठे, कबाब आणि लिंबाचे लोणचे होते.

प्रवासाचे सांगण्याआधी घरातली एक गोष्ट सांगायला हवी. निघण्याच्या पंधरा दिवस आधी एक तरुण नर्स आमची वरची खोली भाड्याने मागायला आली होती. मुलगी बोलायला चांगली होती. भाडेही ठरत आले. मग तिने आडनाव सांगितले. अम्मी गप्प झाल्या. मीच म्हणाले, "सध्या खोली पाहुण्यांसाठी ठेवली आहे." ती काय ते समजली आणि चहा न घेता उठली. आमची मुलगी दारातच उभी होती. तेव्हा ती काही बोलली नाही.

गंजपेठेतला वाडा

पुण्यात आम्ही भाच्याकडे मुक्काम केला. तो कंपनीत नोकरीला आहे, पगार बरा आहे, पण खोली मिळायला त्याला दोन महिने लागले. फोनवर सगळे ठरायचे आणि नाव ऐकले की मालकाचे कोणीतरी नातेवाईक राहायला येणार असायचे. तो हे हसत हसत सांगत होता. मला मात्र घास गिळवेना.

सकाळी बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठ गणपतीसमोरच्या भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. तो मोडकळीला आलेला वाडा स्मारकासाठी 2023 च्या डिसेंबरात पाडण्यात आला. तिथून फुलेवाड्यात गेलो. बैठी कौलारू घरे, आवारात जोतिरावांची समाधी आणि पाण्याचा हौद. 1868 मध्ये जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्या काळात काही लोकांच्या सावलीचाही विटाळ मानत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

शिक्षिका म्हणून मला इथे आठवले ते गफार बेग मुन्शी. लोकांच्या बोलण्याला घाबरून गोविंदरावांनी लहान जोतीला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले होते. शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिट साहेब या दोघांनी वडिलांची समजूत घातली. 1841 मध्ये जोती पुन्हा शाळेत बसला. एका फारसी जाणणाऱ्या शेजाऱ्याने शब्द टाकला नसता, तर काय झाले असते?

पुढे 1849 मध्ये समाजाच्या दबावाखाली वडिलांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवू लागल्या. 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात आजारी सावित्रीबाई माहेरच्या नायगावहून जोतिरावांना लिहितात, तेव्हा त्यांना फातिमाची काळजी वाटते. आपल्यामागे तिच्यावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. दोन मैत्रिणींमधला हा विश्वास मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

अम्मी हौदाच्या कठड्याशी टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "घरच्यांनी टाकलेल्या माणसांना यांनी ठेवून घेतलं. मोहल्ला काय काय बोलला असेल!"

चवदार तळे

भोरवरून वरंध घाट उतरून दुपारी महाडला पोचलो. शहराच्या वस्तीत चवदार तळे आहे, मधोमध बाबासाहेबांचा पुतळा आहे. धाकटा पाचवीत आहे. त्याचा पहिला प्रश्न होता, "एवढं पाणी होतं, मग भांडण कशाचं?"

मुलीने त्याला समजावले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव 1924 मध्ये केला. पण ते कागदावरच राहिले. 20 मार्च 1927 रोजी परिषदेतले लोक बाबासाहेबांच्या मागून रांगेने तळ्यावर आले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर गावात अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर काठ्या पडल्या. त्या दिवशी कित्येकांना आसरा मिळाला तो महाडच्या मुसलमानांच्या घरांत.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची ठरली, तेव्हा मंडपाला कोणी जागा देईना. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतीचे दहन झाले ते त्याच जागेवर. तळ्याचा खटला मात्र दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

क्रांतिस्तंभापाशी बसून चहा घेताना मी मुलांना म्हटले, "ही लढाई ज्यांची होती, ती त्यांनीच लढली. आपण त्यात फार मोठे होतो असे सांगत फिरायचे नाही. पण वेळ आली तेव्हा आपल्यातल्या काहींनी दार उघडले, जागा दिली. तेवढे विसरायचे नाही."

मुलीने वहीतून मान वर केली. "अम्मी, फत्तेखानांकडे तेव्हा पाहुणे येणार नव्हते का?"

कोणीच बोलले नाही. मुलांचे अब्बू पैसे द्यायला उठून गेले. मदिनेच्या अन्सारांनी आपली घरे वाटून दिली, हे मी वर्गात किती वर्षे शिकवते आहे. भाच्याच्या घरमालकांवर मी रागावले होते, आणि माझ्याच तोंडून अगदी तसेच वाक्य निघाले होते.

परतीच्या वाटेवर

नगर सोडल्यावर अम्मी अचानक म्हणाल्या, "त्या पोरीचा नंबर आहे का गं?" नंबर होता. घरी पोचल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. "बेटा, खोली रिकामी आहे. तेव्हा आमचं चुकलं." पलीकडून ती अदबीने म्हणाली, "मावशी, मला दुसरीकडे खोली मिळाली. पण तुम्ही फोन केलात, बरं वाटलं." अम्मींनी तिला जेवायला बोलावले आहे. अजून ती आलेली नाही.

मुलीचा प्रकल्प पूर्ण झाला. शेवटच्या पानावर तिने फत्तेखान आणि उस्मान शेख यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत. आपल्या खोलीबद्दल लिहू का, असे तिने मला विचारले होते. मी म्हटले, "ते मी लिहीन."

सुटीत मुलांना घेऊन पुण्याला किंवा कोकणात गेलात, तर फुलेवाडा आणि चवदार तळे अवश्य दाखवा. फक्त मुले परत येताना काही विचारतील, त्याची तयारी ठेवा. आमची वरची खोली अजून रिकामी आहे. आता कोणी विचारायला आले, तर आडनाव कळण्याआधीच चहा ठेवायचा, असे अम्मींनी ठरवले आहे.