हर्सूलचा तलाव आणि चित्रफितींचे मथळे

पावसाळ्यात हर्सूलचा तलाव भरू लागला की त्याच्या बातमीला दोन वाटा फुटतात. पहिली जुनी आहे. सांडव्यापर्यंत जाऊन आलेला माणूस परत येऊन सांगतो की, आता हातभरच राहिला आहे. दुसरी वाट भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून जाते आणि तिच्यावर ‘हर्सूल तलावाचे पाहा काय झाले!’, ‘शेवटपर्यंत पाहा, थरकाप उडेल!’ अशा धाटणीच्या पाट्या लागतात. तलाव भरला, फुटला, की तेथे कोणी बुडाले, याचा उलगडा पाटी वाचून होत नाही. आणि तो होऊ नये हीच पाटी लिहिणाऱ्याची इच्छा असते. सारे मथळ्यातच कळले तर चित्रफीत उघडणार कोण, हा त्याचा हिशेब.

हा हिशेब करमणुकीपुरता असता तर त्याची येथे दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु हर्सूलच्या सांडव्यावरून गेलेले पाणी खाम नदीच्या पात्रातून थेट शहरात येते, आणि त्या पात्राच्या काठाने दाट वस्ती आहे. काठावरच्या गृहिणीला सामान उचलावयाचे की निश्चिंत निजावयाचे, हे त्या एका ओळीवरून ठरवावे लागते. दहा वेळा थरकापाचे आमिष दाखवून आत साधे वाहते पाणी दाखविले की अकराव्या वेळी खरा इशारा आला तरी ती तो उघडणार नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. तिच्यातल्या पोराला निदान दर हाकेमागे पैसे मिळत नव्हते.

उत्सुकता चाळविणे हा काही गुन्हा नव्हे. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, यांमधील फट मनाला खुपू लागली की कुतूहल जागे होते, असे जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकन अभ्यासकाने १९९४ मध्ये मांडले. आपल्या कीर्तनकारांना हे त्याच्या कितीतरी आधी उमगले होते; आख्यान कोठे थांबवावयाचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकांच्या पिढ्या झपाटून टाकल्या, त्यातही हेच इंगित होते. मात्र अर्नाळकरांच्या मुखपृष्ठावर रहस्याचे वचन असे, तेव्हा आतही रहस्य असे. आजच्या पाटीवर वचन आहे आणि आत त्याची फेड नाही, तक्रार एवढ्याचीच आहे.

मथळा कसा असावा याचा धडा मराठी माणसाने परक्यांकडून घ्यावा, हे मला तरी चमत्कारिक वाटते. १८९७ च्या जुलैमध्ये, पुण्यातील प्लेगच्या आणि रँडवरील हल्ल्याच्या धामधुमीत, ‘केसरी’ने ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे विचारले. हाही प्रश्नच होता आणि वाचकाला तो आत खेचतही होता. पण कोणाविषयी बोलावयाचे आहे, लेखकाचे मत काय आहे, सूर कोणता आहे, हे त्या एका ओळीत उघड होते. अग्रलेख न वाचणाऱ्यालाही ‘केसरी’ कोठे उभा आहे ते कळत होते. १९०८ मधील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे मथळे तर याहूनही साधे. त्यांत उद्गारचिन्हांची दाटी नाही की भडक विशेषण नाही. या लेखांपायी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मथळ्याखालच्या शब्दाची किंमत लिहिणाऱ्याने स्वतः मोजण्याची ती रीत होती. आज ती किंमत पाहणाऱ्याकडून, त्याच्या वेळातून आणि विश्वासातून, वसूल होते.

हर्सूलच्या बाजूचे दुसरे पाणी जमिनीखालचे आहे. १६१० मध्ये खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरने उत्तरेच्या डोंगरांकडून नहर आणून शहराला पाणी दिले; पाणचक्कीचे पाणीही पुढे हर्सूलच्या अंगाने मातीच्या नळांतून आणले गेले. चारशे वर्षांपूर्वीच्या या कारागिरीवर चित्रफीत करणाऱ्याला ‘गूढ’, ‘रहस्य’, ‘कोणालाच माहीत नसलेले’ असे शब्द का सुचावेत? ‘उताराच्या बळावर शहराला पाणी पाजणारी नहर-ए-अंबरी’ एवढे म्हटले तर विषयही कळतो आणि ते कसे साधले हे पाहण्याची इच्छाही होते.

आता धंद्याची बाजू. ‘यूट्यूब’वरील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ ची, १९ सेकंदांची, प्राणिसंग्रहालयात उभ्या असलेल्या तरुणाने तिला ‘मी प्राणिसंग्रहालयात’ अशा अर्थाचे सरळ नाव दिले होते. पुढे किती जणांनी उघडले यावर भाव ठरू लागला आणि मथळे फुगले. २०१२ मध्ये कंपनीने उघडण्याच्या संख्येऐवजी पाहिलेल्या वेळाला अधिक वजन दिले. तेव्हापासून फसलेला प्रेक्षक दहा सेकंदांत निघून गेला तर तोटा करणाऱ्याचाच होतो. डिसेंबर २०२४ मध्ये मथळ्यात एक व आत दुसरेच असणाऱ्या, विशेषतः ताज्या घडामोडींवरच्या, चित्रफिती भारतात अधिक कडकपणे काढून टाकण्याचे तिने जाहीर केले. कंपनीला ही उपरती साधुत्वातून झाली असे मानण्याइतके आपण भोळे नाही. चिडलेले गिऱ्हाईक तिलाही परवडत नाही.

राहता राहिला नावांचा घोळ, आणि तो हर्सूलला चांगलाच भोवतो. एक हर्सूल नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातही आहे. कोणी ‘हरसूल’ लिहितो, कोणी ‘हर्सूल’. शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी शोधणारे जुन्या नावानेही शोधतात. नुसते ‘हर्सूलला पूर’ असे लिहिले तर दुसऱ्या जिल्ह्यातला नातेवाईक विनाकारण घाबरतो. मथळ्याला मर्यादा शंभर अक्षरांची. तीत काना, मात्रा, वेलांटीही संगणक वेगळी धरतो, म्हणजे मराठी मथळा दिसतो त्याहून लवकर भरतो. शिवाय लहान पडद्यावर शेपूट कापले जाते, म्हणून घटना आधी आणि पत्ता नंतर. समजा, १२ सप्टेंबरला तलाव भरला. ‘हर्सूल तलाव सांडव्यावरून वाहू लागला, १२ सप्टेंबर, सकाळी ७, खाम नदी, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)’ हा मथळा मोकळ्या जागा धरून ९६ अक्षरांत बसतो. एखादे उद्गारचिन्ह घालायचेच असेल तर चार अक्षरांची सोय अजून उरते.