उंबऱ्याच्या आतले इंटरनेट

इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव पुणे–सोलापूर महामार्गालगत आणि उजनी जलाशयाच्या फुगवट्याच्या काठी वसलेले आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, नदीकाठचे जुने गाव पाण्याखाली गेले आणि वस्ती वरच्या अंगाला सरकली. जलाशय पुरेसा आटला की जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर आजही उघडे पडते. या पट्ट्यातील गावांची वस्ती दोन प्रकारची असते: गावठाणात घराला घर लागून असते, तर शेतावरचे घर एकटे आणि उसाने किंवा डाळिंबाच्या बागेने वेढलेले असते. घरगुती इंटरनेटच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण राउटर कुठे ठेवावा, कोणती लहरपट्टी निवडावी आणि दुसरे यंत्र जोडावे की नाही, याविषयीचा बहुतेक सल्ला शहरातील फ्लॅट डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो आणि मळ्यातल्या घराला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. उंबऱ्यापर्यंत जोडणी आणणे हे कंपनीचे काम आहे; उंबऱ्याच्या आत तिचे वाटप नीट करणे मात्र घरातल्या माणसांच्या हाती असते, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान कोणालाही समजेल इतके साधे आहे.

कालवा, चारी आणि दारे

नीरा डाव्या कालव्यावर शेती करणाऱ्या बारामती–इंदापूरच्या शेतकऱ्याला पाणीवाटपाची साखळी समजावून सांगावी लागत नाही. मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत आणि चारीतून शेतात पाणी येते, आणि कोणत्या वाफ्याला किती पाणी मिळणार हे शेवटी दारे धरणाऱ्या माणसाच्या नजरेवर ठरते. इंटरनेटची साखळी पुष्कळशी अशीच आहे. देशातील ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची केबल नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली, २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपये खर्चाच्या सुधारित आराखड्याला मान्यता मिळाली. हा झाला कालवा. त्यापुढची चारी म्हणजे दूरसंचार कंपन्यांनी किंवा स्थानिक केबलचालकांनी खांबांवरून घरापर्यंत ओढलेली वायर, आणि राउटर म्हणजे शेताच्या तोंडाशी असलेले दार होय.

काचतंतूतून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेतील एका लहान डबीत अनेक शाखांत विभागला जातो. या डबीला स्प्लिटर म्हणतात आणि तिच्यातून सामान्यतः ३२ किंवा ६४ घरांच्या शाखा फुटतात. स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून या रचनेला पॅसिव्ह, म्हणजे विजेविना चालणारे, ऑप्टिकल नेटवर्क असे नाव आहे. तिच्या सर्वाधिक वापरात असलेल्या जीपॉन या प्रकारात घराकडे येणारी माहिती १४९० नॅनोमीटर आणि घरातून जाणारी माहिती १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अदृश्य प्रकाशावरून एकाच तंतूतून प्रवास करते. येणाऱ्या दिशेची क्षमता सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट आणि जाणाऱ्या दिशेची सव्वा गिगाबिट असते. ती एकाच घराची नसून त्या तंतूवरील सर्व घरांत वाटली जाते, त्यामुळे रात्री जेवणानंतर सगळे एकाच वेळी चित्रफिती पाहू लागले की वेग मंदावू शकतो.

डबीवरचे दिवे

घरात आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या यंत्राला ओएनटी म्हणतात. हल्ली ओएनटी आणि राउटर बहुधा एकाच डबीत असतात, तरी त्यांची कामे वेगळी आहेत हे ध्यानात ठेवले की बिघाड ओळखणे सोपे जाते. पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर केंद्राशी प्रकाशाचा संपर्क जुळलेला आहे. एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे केबल कुठेतरी तुटली, फार वाकली किंवा तिची जोडणी सैल झाली आहे. अशा वेळी डबी दहादा बंद-चालू करून उपयोग होत नाही. जोडणी देणाऱ्याला फोन करून ‘लाल दिवा लागला आहे’ एवढे सांगितले तरी त्याला कोणत्या तयारीने यायचे ते कळते. याउलट पॉनचा दिवा स्थिर असून इंटरनेटचा दिवा लागत नसेल, तर अडचण बहुधा ग्राहकाच्या लॉगिनची, संपलेल्या रिचार्जची किंवा राउटरमधील नोंदींची असते.

काचतंतूचा प्रकाश वाहणारा गाभा अवघ्या नऊ मायक्रोमीटर जाडीचा असतो, म्हणून टोकावर बसलेला धुळीचा एक कणही प्रकाश अडवू शकतो. वायर खिडकीच्या फटीत चेपणे, कोपऱ्यात काटकोनात वळवणे किंवा घट्ट बांधणे टाळावे. जास्तीची वायर ताटलीएवढ्या मोठ्या वेटोळ्यात सैल ठेवावी. निघालेल्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये, कारण आतला प्रकाश दिसत नसला तरी तो लेझरचा असतो. ऊस वाहतुकीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉलीची उंची लक्षात घेऊन रस्ता ओलांडणारी वायर पुरेशी वर ताणलेली आहे ना, हे जोडणी घेतानाच पाहून घ्यावे.

राउटर नेमके काय करतो

राउटर म्हणजे माहितीच्या तुकड्यांना वाट दाखवणारे यंत्र. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता नावाचा अंकांचा पत्ता लागतो, परंतु जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत सुमारे ४३० कोटी पत्तेच शक्य होते. यावर तोडगा म्हणून घरातील यंत्रांसाठी काही पत्ते राखून ठेवण्यात आले, जे प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा वापरता येतात. घरातल्या मोबाइलला, टीव्हीला आणि संगणकाला राउटर असे खासगी पत्ते आपणहून वाटतो, बाहेर जाताना सर्वांची पत्रे एकाच पत्त्यावरून पाठवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोहोचवतो. वाड्याला टपालाचा पत्ता एकच असावा आणि आत कोणत्या खोलीत कोण राहते हे फक्त दिवाणजीला ठाऊक असावे, तशी ही व्यवस्था आहे. पत्ते आणखी अपुरे पडू लागल्यावर अनेक कंपन्या कित्येक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. गोठ्यातील किंवा विहिरीवरील कॅमेऱ्याशी बाहेरगावाहून थेट संपर्क साधता न येण्याचे हे एक कारण असते.

पहिल्या मांडणीसाठी मोबाइल किंवा संगणक राउटरला जोडून ब्राउझरमध्ये डबीखालच्या चिठ्ठीवर छापलेला पत्ता टाइप करावा लागतो. तो पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो आणि तो इंग्रजी अंकांत लिहावा. उघडणाऱ्या पानावर दोन वेगळे पासवर्ड असतात, हे नीट समजून घ्यावे: एक वाय-फाय वापरण्याचा, जो पाहुण्यालाही सांगितला जातो, आणि दुसरा राउटरच्या नोंदी बदलण्याचा, जो घराबाहेर जाता कामा नये. हा दुसरा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहू देणे धोक्याचे आहे; २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लक्षावधी कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते प्रामुख्याने न बदललेल्या मूळ पासवर्डांची यादी वापरूनच. सुरक्षेच्या प्रकारांत २०१८ मध्ये आलेला डब्ल्यूपीए-३ किंवा, जुनी उपकरणे असतील तर, डब्ल्यूपीए-२ निवडावा, बटण दाबून जोडणी करण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी आणि पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू करता येत असेल तर जरूर करावे. जोडणी ज्याच्या नावावर असते, तिच्यावरून झालेल्या गैरवापराची पहिली विचारणा त्याच्याकडेच होते, हे विसरून चालणार नाही.

लहरी, भिंती आणि ऊस

वाय-फाय प्रामुख्याने दोन लहरपट्ट्यांवर चालते: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात पहिली पट्टी २००५ मध्ये परवानामुक्त झाली आणि दुसरीचा मोठा भाग २०१८ मध्ये. पहिलीची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असल्याने ती भिंतींतून तुलनेने बरी पार जाते आणि लांब पोहोचते. दुसरीची तरंगलांबी त्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने तिचा पल्ला तोकडा, पण वेग जास्त असतो. शहरातील इमारतीत शेजारच्या वीस घरांचे वाय-फाय पहिल्या पट्टीत गर्दी करते, म्हणून तेथे दुसरीची शिफारस होते. मळ्यातील घराभोवती अशी गर्दी नसते. तेथे अंगण, पडवी आणि गोठ्यापर्यंत पोहोचणारी पहिली पट्टीच अनेकदा अधिक उपयोगी ठरते, आणि राउटरच्याच खोलीतील टीव्हीसाठी दुसरी राखून ठेवता येते.

लहरी भिंतींवरून, पत्र्यावरून आणि लोखंडी कपाटावरून परावर्तित होतात आणि एकच संदेश थोड्या थोड्या अंतराने अनेकदा कानी पडतो. ही प्रतिध्वनींची गुंतागुंत सोडवण्याची एक महत्त्वाची रीत जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात विकसित केली. हे संशोधक मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले होते. पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातील क्षीण लहरी टिपणारे ते शास्त्र आणि घरातील वाय-फाय यांचे नाते असे जवळचे आहे.

राउटर लोखंडी कपाटावर, टीव्हीमागे, पाण्याच्या टाकीशेजारी किंवा कोनाड्यात ठेवू नये. घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर ठेवावा. उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या दिशेने अधिक पसरतात, त्यामुळे माडीवर रेंज हवी असेल तर एक अँटेना तिरका करून पाहावा. जाड दगडी भिंत आणि सिमेंटचा स्लॅब लहरी बऱ्याच शोषून घेतात. अशा घरात दुसरे यंत्र बसवताना ते शक्यतो लॅन केबलने जोडावे, आणि जुना राउटर त्यासाठी वापरायचा असेल तर त्याचा अंतर्गत पत्ता बदलून पत्ते वाटण्याची डीएचसीपी ही सोय बंद करावी, अन्यथा एकाच घरात दोन दिवाणजी दोन हिशेब ठेवू लागतात आणि जोडणी सतत तुटते. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते; त्याहून दूरच्या शेडपर्यंत काचतंतू किंवा दिशादर्शक अँटेनांची जोडी लागते. अशी जोडी बसवताना पिकाचा विचार आवश्यक आहे. लागणीच्या वेळी मोकळ्या रानावरून उत्तम चाललेली जोडणी ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेला की क्षीण होते, कारण हिरव्या पानांतील पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून अँटेनांची उंची वाढलेल्या उसाच्या हिशेबाने ठरवावी.

वीज आणि वेग

बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालतात आणि एलईडी दिव्याइतकीच थोडी वीज घेतात. स्प्लिटरला वीज लागत नसल्याने गावातील लाईट गेली तरी, केंद्रातील यंत्रणा चालू असेपर्यंत, फक्त घरातल्या डबीला वीज मिळाली की इंटरनेट सुरू राहते. त्यासाठी राउटरचा लहान यूपीएस पुरतो, मात्र त्याचा व्होल्टेज आणि पिनचा प्रकार ॲडॅप्टरशी जुळला पाहिजे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की ॲडॅप्टर आणि घराबाहेर गेलेली लॅन केबल काढून ठेवावी. काचेतून वीज येत नाही, पण या दोन तांब्याच्या वाटांनी ती आत शिरते.

वेगाचे आकडे मेगाबिटमध्ये सांगितले जातात, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे ५० एमबीपीएसच्या जोडणीवर एक गिगाबाइटची फाइल उतरायला सर्व काही अनुकूल असताना सुमारे १६० सेकंद लागतात. २०२३ पासून भारतात ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान २ एमबीपीएस वेग आवश्यक मानला जातो. पूर्वी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. तक्रार करण्यापूर्वी संगणक लॅन केबलने जोडून वेग मोजावा आणि मग तीच चाचणी वाय-फायवर करावी. केबलवर वेग पूर्ण आणि वाय-फायवर कमी असेल तर दोष घरातील मांडणीचा आहे. केबलवरही कमी असेल तर, योजनेची महिन्याची मर्यादा संपलेली नाही याची खात्री करून, तक्रार कंपनीकडे न्यावी.

अनेक घरांत ही सारी माहिती एकट्या तरुण मुलाला किंवा मुलीला असते, आणि ते शिक्षणासाठी पुण्याला गेले की मागे राहिलेल्यांना लाल दिव्यापुढे हतबल बसावे लागते. दारे धरण्याची विद्या शेतकरी घरात एकाच माणसापुरती कधीच नसते. पाळी रात्रीची आली तर घरातले कोणीही खोरे घेऊन बांधावर जाऊ शकते. ग्राहक क्रमांक, कोणत्या दिव्याचा अर्थ काय आणि कोणाला फोन करायचा, एवढे ठळक मराठीत लिहिलेला कागद राउटरशेजारच्या भिंतीवर चिकटवला, आणि नोंदींचा पासवर्ड घरातील आणखी एका विश्वासाच्या माणसाजवळ ठेवला, तर ही नवी विद्याही घरातल्या सर्वांची होते.