झोन आल्यावर पुढे काय?

प्रोजेक्टचे दिवस आले की नाशिकच्या फार्मसी महाविद्यालयांत आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत सकाळी इन्क्युबेटर उघडताना एकच प्रश्न ऐकू येतो : ‘झोन आला का?’ काचेच्या प्लेटवर जंतूंचा फिकट थर पसरलेला असतो. त्यात वनस्पतीचा अर्क टाकलेल्या भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसले, की अडुळसा, निर्गुडी किंवा कुडा ‘पास’ झाला म्हणायचे.

त्या वर्तुळामागची मेहनत मात्र खरी असते. पाने सावलीतच वाळवायची, कारण उन्हात सुगंधी तेले उडून जातात. मग पूड करून सॉक्सलेटमध्ये भरायची. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली हे उपकरण दुधातली चरबी मोजायला बनवले होते. आज ते दुधापेक्षा पाल्यासाठीच जास्त चालत असावे. आधी हेक्झेन मेण आणि तेल ओढून घेते, मग इथाइल ॲसिटेट, शेवटी मिथेनॉल. द्रावक उडवल्यावर तळाशी हिरवट-काळा चिकट गोळा उरतो. एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ कोटी जिवाणू असलेले पाणी कापसाच्या बोळ्याने प्लेटमधल्या आगरवर फिरवायचे, ६ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात अर्क सोडायचा आणि प्लेट ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. शेजारच्या भोकांत एकात नुसता द्रावक, दुसऱ्यात ओळखीचे प्रतिजैविक. ही दोन भोके नसतील तर सगळा खटाटोप वाया.

आता खरी गोम. २२ मिलिमीटरचा झोन १४च्या झोनपेक्षा सरस, असे बहुतेक अहवाल गृहीत धरतात. आगर हा पाणीदार पदार्थ आहे. तेलकट रेणू त्यात पुढे सरकतच नाहीत. त्यामुळे जोरकस रेणू लहान वर्तुळ देतो आणि दुबळा, पण पाण्यात विरघळणारा, मोठे. हिरडा-बेहड्यातले टॅनिन तर समोर येईल त्या प्रथिनाला चिकटते. त्याचा झोन यायला फारसे काही लागत नाही. म्हणून अर्क पातळ पातळ करत, कमीत कमी किती मात्रेला जंतूंची वाढ थांबते ते शोधावे लागते. हे काम किचकट आहे आणि छायाचित्रात चांगले दिसत नाही.

कर्करोगाच्या चाचणीत तर आणखी चकवे. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणता येतात. ९६ खळग्यांच्या ताटलीत त्या वाढवून अर्क घालायचा आणि एमटीटी नावाचा पिवळा रंग टाकायचा; जिवंत पेशी त्याला जांभळा करतात. टिम मोसमन यांनी १९८३ साली मांडलेली ही पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत आहे. पण वनस्पतीतले काही घटक पेशींच्या मदतीशिवायच तो रंग जांभळा करून टाकतात, म्हणजे मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. हळदीचा स्वतःचा पिवळेपणा वेगळाच घोळ घालतो. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये बाहेरच्या संशोधकांचे नमुनेही तपासले जातात. तिथे पेशींतले प्रथिन रंगवून मोजतात आणि सोबत ॲड्रियामायसिनची तुलना ठेवतात. पेशींची वाढ निम्म्यावर आणायला मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमहून जास्त अर्क लागला, तर तो प्रभावी धरत नाहीत. आणि निरोगी पेशींचे काय? विषारी कण्हेरीचा अर्कही कर्करोगाच्या पेशी मारतोच.

मग चाचणी करायची कशासाठी? याचे उत्तर नंदुरबारला जन्मलेल्या एका माणसाच्या कामात आहे. मनसुख वाणी (१९२५–२०२०) मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्यासोबत उत्तर कॅरोलिनात काम करू लागले. त्यांनी चाचणीकडे निकाल म्हणून पाहिले नाही. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची चाचणी घ्यायची, ज्यात जोर दिसेल त्याचेच पुन्हा भाग पाडायचे, असे एकच रेणू हाती लागेपर्यंत. १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन मिळाले, १९७१ साली पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल. १२ किलो मालातून टॅक्सॉल निघाले अर्धा ग्रॅम. अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली ती १९९२ साली. आपल्याकडे चाचणी बहुधा एकदाच होते, अर्क काढल्यावर. वाणींच्या हाती ती दर पायरीला होती. फरक यंत्रांचा कमी आणि या सवयीचा जास्त आहे, असे मला वाटते.

त्याच कॅम्प्टोथेसिनने सह्याद्रीत वेगळाच प्रश्न उभा केला. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना ते आपल्या घाटांतल्या नरक्या या झाडात सापडले. मागणी वाढली आणि कोल्हापूर-साताऱ्याकडच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. नाशिकलाही हे लक्षात ठेवायला हवे. अंजनेरीच्या डोंगरावर त्याच गावाच्या नावाची सेरोपेजिया ही वनस्पती आढळते. तिचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो, आणि कंद उपटून सॉक्सलेटमध्ये गेला की रोप संपलेच. प्राथमिक चाचणीला काही ग्रॅम सुकी पाने पुरतात. वनस्पतीची ओळख पटवायला पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण कार्यालयात वाळवलेली एक फांदी दाखवावी लागते. प्रोजेक्टच्या वहीत ओळख पटल्याच्या नोंदीशेजारीच रानातून नेमके किती आणि झाडाचा कोणता भाग आणला, हेही लिहायला सुरुवात करता येईल.