घरच्या बिअरची भट्टी अंगणातच का?

अमेरिकेतील उपनगरांत सुटीच्या दिवशी सकाळी घरामागच्या अंगणातून भट्टीचा घरघराट ऐकू येतो. लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्यांच्या शेगड्यांचा येतो, तसाच. तेथे पंगतीचा स्वयंपाक चाललेला नसतो. तीन पायांच्या लोखंडी शेगडीवर तीस-चाळीस लिटरचे स्टीलचे पातेले चढलेले असते, शेजारी रबरी नळीने जोडलेला प्रोपेनचा सिलिंडर असतो आणि घरमालक लांब दांड्याचा चमचा घेऊन उकळीची वाट पाहत उभा असतो. त्या पातेल्याला तेथे ‘केटल’ म्हणतात. चहाच्या किटलीशी तिचे नाते नावापुरतेच. पातेल्यात शिजत असते ती घरच्यासाठीची बिअर.

हा उद्योग तेथे कायदेशीर होऊन फार काळ लोटलेला नाही. १९३३ साली अमेरिकेतील दारूबंदी उठली, तेव्हा घरी वाइन करण्याची मुभा मिळाली. बिअर मात्र राहून गेली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही उणीव दूर झाली. एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, तीही विक्रीसाठी नव्हे, अशी ती सवलत आहे. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ सालापर्यंत वाट पाहायला लावली. त्याच १९७८ साली चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅटझेन यांनी कोलोरॅडोतील बोल्डर येथे घरगुती बिअर करणाऱ्यांची संघटना स्थापन केली आणि चोरीछुपे चाललेल्या हौसेला प्रतिष्ठा मिळाली.

आपल्याकडे ‘घरी करणे’ म्हटले की हातभट्टी आठवते. येथे ऊर्ध्वपातनाचा प्रश्नच येत नाही. मोड आणून वाळवलेला सातू म्हणजे माल्ट. तो भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातील पिष्टाची साखर होते. हे गोड पाणी गाळून घेतात. त्याला ‘वर्ट’ म्हणतात. ते तासभर खळखळून उकळायचे, गार करायचे आणि मग त्यात यीस्ट घालायचे.

या तासभराच्या उकळीशी शेगडीचा सारा प्रश्न निगडित आहे. उकळल्याने जंतू मरतात, हे उघडच आहे. पण हॉप्सच्या फुलांतील कडवटपणाही दीर्घकाळ उकळल्याशिवाय वर्टमध्ये नीट उतरत नाही. प्रथिने साकळून तळाशी बसतात, त्यामुळे बिअर नितळ होते. शिवाय माल्टमधून गंधकयुक्त असे एक द्रव्य तयार होते, त्याला शिजवलेल्या मक्यासारखा वास असतो. ते वाफेबरोबर निघून जावे म्हणून पातेल्यावर झाकण ठेवता येत नाही. इंधन वाचवण्याचा आपल्या घरातील पहिला नियम येथे मोडावाच लागतो.

आता थोडा हिशेब. पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटरची बिअर हवी असेल तर आटण्याचा आणि गाळाचा विचार करून सुमारे २५ लिटर वर्ट चढवावा लागतो. तो २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ८,४०० किलोज्यूल उष्णता लागते. तासाभरात साडेतीन लिटर पाण्याची वाफ करायची तर आणखी तेवढीच. अमेरिकेतील स्वयंपाकघराच्या सर्वसाधारण गॅसबर्नरची क्षमता १०,००० बीटीयूच्या, म्हणजे तीन किलोवॉटच्या आसपास असते. त्यातील जेमतेम चाळीस टक्के उष्णता भांड्यात शिरते, उरलेली भांड्याच्या कडेने वर निघून जाते. या हिशेबाने उकळी फुटायलाच दोन तास लागतात. आणि ती फुटली तरी टिकत नाही, कारण साडेतीन लिटरची वाफ करायला सव्वादोन किलोवॉट लागतात आणि भांड्याला मिळतात सव्वा! म्हणूनच नवखे लोक आठ-दहा लिटर दाट वर्ट उकळून नंतर त्यात पाणी मिसळतात.

यावरचा तोडगा बिअरवाल्यांनी शोधलेला नाही. तो उसना आहे. लुइझियानात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातील शेवंडीसारखे जीव, अंगणात मोठ्या पातेल्यात उकडून सामुदायिक जेवणे घालतात. थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तेलात तळण्याची पद्धतही दक्षिणेकडचीच. त्यासाठी मिळणाऱ्या प्रोपेनच्या शेगड्या बिअरच्या हौशी मंडळींनी उचलल्या. पन्नास-साठ हजार बीटीयूची, म्हणजे पंधरा ते अठरा किलोवॉटची शेगडी पंचवीस लिटरला वीस-पंचवीस मिनिटांत उकळी आणते. एका खेपेला किलोभर प्रोपेन लागतो. नऊ किलोचा सिलिंडर आठ-नऊ खेपांना पुरतो. पातेल्याचे पैसे वाचवण्यासाठी अनेकांनी बिअरचे स्टीलचे पिंप वरून कापून त्याची ‘कीगल’ केली. पिंपाची मालकी बिअर कंपनीची असते आणि दुकानात भरलेली अनामत म्हणजे त्याची किंमत नव्हे, हे कित्येकांच्या सोयीस्करपणे लक्षात येत नाही.

एवढी ताकद येते ती दाबातून. भारतीय घरातला रेग्युलेटर शेगडीला सुमारे ३० मिलिबार दाबाने गॅस देतो. अंगणातील शेगडीचे रेग्युलेटर बहुधा दहा पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे जवळपास ६९० मिलिबारपर्यंतचे असतात, वीसपटीहून अधिक. घरघराट होतो तो याच वेगाने सुटणाऱ्या गॅसचा आणि त्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेचा. ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली आणि पातेल्याचे बूड काळे पडू लागले, तर हवा कमी पडते आहे असे समजून हवेची झडप उघडावी लागते. नैसर्गिक वायूवर शेगडी चालवायची तर जेट बदलणे आले. नळाचा गॅस घेतलेल्या मुंबईकरांना हे सांगायला नको.

खरा धोका मात्र ज्वालेचा नाही. हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो, वाऱ्याने ज्योत फडफडते, मग शेगडी गॅरेजमध्ये किंवा तळघरात आणण्याचा मोह होतो. एक किलो प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत अठ्ठावीस घनमीटर हवा असते. म्हणजे बिअरची एक खेप त्या बंद खोलीतील जवळजवळ निम्मा प्राणवायू खाऊन टाकील. तेवढी वेळ येत नाही. त्याच्या कितीतरी आधी ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. भरीला थंड पाण्याने भरलेले रुंद बूड ज्योतीवर दाबले गेले की ज्योत विझू पाहते आणि तो वायू अधिकच निघतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गॅस गळला की नाकाला झोंबतो, कारण त्यात मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळलेले असते. जळून निघालेल्या या वायूला ना वास, ना रंग. आधी डोके दुखते, मळमळते, आणि शेगडीपाशी दोन तास उभे राहून दमलो, एवढाच समज होतो. आग लागलेली नसताना केवळ या वायूने अमेरिकेत दरवर्षी चारशेहून अधिक माणसे दगावतात. त्यांत बिघडलेल्या भट्ट्या, जनरेटर, मोटारी सगळे आले. महाराष्ट्रातील वाचकांना बंद न्हाणीघरातील गॅस गिझरचे बळी आठवतील. कारण तेच आहे. गॅरेजचे दार अर्धे उघडे ठेवणे हा उपाय नव्हे.

तळघराचे आणखी एक दुखणे आहे. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड. गळाला तर तो वर उडून न जाता खाली साचतो आणि अमेरिकी तळघरात पाणी तापवण्याचा बंब बहुधा पेटता असतो.

बाहेरही डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागतेच. उकळी फुटण्याच्या बेतात असताना प्रथिनांचा फेस दुधासारखा भसकन वर येतो. फरक इतकाच की हे दूध पंचवीस लिटर असते आणि चिकट असते. आच लगेच कमी करावी, पाण्याचा शिपका मारावा. माल्टचा दाट अर्क घालताना शेगडी बंदच करतात, नाहीतर तो तळाला बसून करपतो. उकळते पातेले कोणी उचलू नये. वर्ट गार करून तळाच्या तोटीने काढायचा. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा करताना सिलिंडर त्याच्या आत येता कामा नये.

महाराष्ट्रात हा प्रयोग करण्याची सोय नाही. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि बिअर त्यातून सुटत नाही.

अमेरिकेतही बरेच जण आता विजेकडे वळले आहेत. साडेपाच किलोवॉटचे एलिमेंट थेट वर्टमध्ये बुडलेले असल्याने उष्णता वाया जात नाही आणि पंचवीस मिनिटांत उकळी येते. पण तेथील साधा प्लग १२० व्होल्टचा. त्यासाठी २४० व्होल्टची स्वतंत्र जोडणी, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर आणि वायरमन हे सारे आले. शिवाय साडेतीन लिटर पाण्याची वाफ छताला जाऊन टपकू नये म्हणून मोठा पंखा. एवढे करूनही वाफेने भिंतीचा रंग सुटल्याची तक्रार घरातून होतेच, आणि थंडीत स्वेटर-टोपी घालून गडी पुन्हा अंगणात शेगडी मांडतो.