गुण देण्याआधी लेबल झाका

युरोपातली वाइन चाखून तिला गुण देणं हे तज्ज्ञांचं काम, हौशी माणसानं त्यात पडू नये, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. हौशी माणसानं जरूर गुण द्यावेत. फक्त आपण गुण कशाला देतोय, पेल्यातल्या वाइनला की बाटलीवरच्या नावाला, हे त्यानं आधी तपासावं. यात आड येणारे काही समज इतके रुळले आहेत की ते कुणी पारखूनही पाहत नाही.

‘तज्ज्ञांचे गुण म्हणजे अचूक मोजमाप’

शंभर गुणांची पद्धत रूढ केली ती रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकानं. मूळचा वकील असलेल्या पार्करनं १९७८ मध्ये स्वतःचं पत्रक काढलं आणि बोर्दोच्या १९८२ च्या वाइनची त्यानं मनापासून केलेली भलावण खरी ठरल्यावर त्याचा शब्द बाजारात चालू लागला. त्याच्या पद्धतीत मोजणी पन्नासपासून सुरू होते. ब्रिटनच्या जॅन्सिस रॉबिन्सन वीसपैकी गुण देतात. म्हणजे मोजपट्टीसुद्धा सर्वांची एक नाही.

हात तरी स्थिर असतो का? रॉबर्ट हॉजसन या कॅलिफोर्नियातल्या वाइन-उत्पादकानं हे तपासलं. तिथल्या स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीन वेळा देण्यात आली. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले: एकाच वाइनला एकाच परीक्षकानं दिलेले गुण साधारण चारानं वरखाली होत होते आणि जेमतेम दहा टक्के परीक्षक आपल्या मताशी सुसंगत राहिले. यावरून गुण देणंच व्यर्थ आहे, असं मी म्हणणार नाही. ९० आणि ९२ यांतल्या फरकाला अर्थ नाही, एवढं मात्र यातून नक्की कळतं. हौशी माणसानं पाच किंवा दहा पायऱ्यांची साधी पट्टी घ्यावी आणि तीच वाइन काही दिवसांनी पुन्हा, न बघता, चाखावी. दोन्ही वेळचे गुण जवळ आले, तर आपल्या नोंदीवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

‘त्यासाठी जन्मजात नाक लागतं’

या समजानं सर्वांत जास्त माणसं मागे हटतात, आणि तो सर्वांत चुकीचा आहे. वाइनमधले अनेक वास ठरावीक रेणूंचे असतात आणि त्यांतले काही आपल्या स्वयंपाकघरात रोज दरवळतात. फ्रान्सच्या जुरा भागात साव्हान्याँ द्राक्षांची ‘व्हँ जोन’ करतात. पिंपात वाइनवर यीस्टची पातळ साय धरते आणि त्याखाली ती वर्षानुवर्षं मुरते. कापणीनंतर किमान सहा वर्षं तीन महिने गेल्याशिवाय ती विकता येत नाही. तिचा जो ओळखीचा वास आहे, तो सोटोलोन या रेणूचा. मेथीदाण्याचा वासही त्याचाच. मेथीचे लाडू खाऊन वाढलेल्या माणसाला तो वास पहिल्या हुंगण्यातच सापडावा.

ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर भागातल्या सिरा वाइनमध्ये मिरीचा वास येतो, असं वाचलं की ही कविकल्पना वाटते. पण त्यामागचा रोटंडोन हा रेणू काळ्या मिरीतही असतो. अल्सासच्या गेवुर्त्सट्रामिनरला लिचीचा वास येतो, कारण रोझ ऑक्साइड दोन्हींत आहे. आणखी एक गोष्ट रोटंडोनवरच्या संशोधनातून पुढे आली: सुमारे पाचातल्या एका माणसाला त्याचा वासच येत नाही, मग तो कितीही सराईत असो. तेव्हा शेजाऱ्याला मिरी लागली आणि तुम्हाला नाही, तर चूक कुणाचीच नाही. वहीत मेथी, कोकम, ओली माती, जे खरोखर जाणवलं ते लिहावं. कधी न हुंगलेल्या ब्लॅककरंटचं नाव उसनं घेऊ नये.

‘महाग तितकी चांगली’

सहा हजारांहून जास्त आंधळ्या चाखण्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. किंमत माहीत नसताना सामान्य चाखणाऱ्यांना महाग वाइन सरासरीनं किंचित कमीच आवडली होती. रंगाचा प्रभाव तर त्याहून मोठा. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. हा अभ्यास २००१ चा.

श्रेणींचं काय? बोर्दोची १८५५ ची प्रसिद्ध श्रेणी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बनवली, तीही मुख्यतः त्या काळच्या बाजारभावांवरून. या श्रेणीतली मूतों रॉत्शिल्ड ही वाइन १९७३ मध्ये दुसऱ्या वर्गातून पहिल्यात आली. वर्गबदलाचं दुसरं उदाहरण नाही. उलट इटलीची सासिकाया जगभर नावाजली जात असताना वर्षानुवर्षं तिच्या बाटलीवर साध्या टेबल वाइनचा शिक्का होता, कारण तिची द्राक्षं त्या भागाच्या नियमांत बसत नव्हती.

म्हणून बाटल्या कागदी पिशवीत घालाव्यात, पिशव्यांवर आकडे टाकावेत, ओतण्याचं काम दुसऱ्याकडे द्यावं. गुण लिहून झाल्यावरच पिशवी काढावी.

काही समज एकेका वाक्यात निकालात निघतात. पेल्याच्या कडेनं उतरणारे ओघळ दर्जा दाखवत नाहीत. अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातल्या फरकानं ते तयार होतात. जर्मन रीसलिंग गोडच असते असं नाही, लेबलवर ‘ट्रोकन’ असेल तर ती कोरडी. डोकेदुखीचा ठपका रेड वाइनमधल्या सल्फाइटवर ठेवतात, पण युरोपीय नियमांनुसार कोरड्या रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि व्हाइटला २०० ची. शिवाय केशरी रंगाच्या वाळवलेल्या जर्दाळूत ते कितीतरी जास्त असतं.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’

ही खोली म्हणजे जुन्या युरोपातलं गारठलेलं घर, १६ ते १८ अंशांचं. मुंबईत किंवा नागपुरात मे महिन्यात तोच सल्ला पाळला, तर अल्कोहोलचा भपका नाकात जातो, फळाचा वास त्याखाली दबतो आणि चांगल्या बरगंडीला फुकट कमी गुण मिळतात. रेडची बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. एका बैठकीत तुलना करायच्या साऱ्या रेड एकाच तापमानाच्या आणि पेले एकाच आकाराचे असावेत.

आणि एखाद्या वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, फळाचा मागमूस नसला, तर बुचातून आलेल्या टीसीए या रसायनाचा संशय घ्यावा. लिटरमागे काही नॅनोग्रॅमसुद्धा वाइन बिघडवायला पुरतात आणि बूच पाहून ते ओळखता येत नाही. प्रमाण अगदी थोडं असेल, तर पुठ्ठाही जाणवत नाही, वाइन नुसती मुकी वाटते. अशा बाटलीला कमी गुण देऊ नयेत. गुणांची जागा रिकामी ठेवून शेरा लिहावा आणि जमल्यास त्याच वाइनची दुसरी बाटली चाखावी.